नाव घातलेलं मशीन

अप्पाजी शिराळकर भांडं आधी वाजवतो, मग बघतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवायचं आणि पोटावर एकदा, काठाखाली एकदा, बुडावर एकदा वाजवायचं. तीन आवाज ऐकून तो सांगणार, सांधा कुठं आहे, पत्रा कुठं पातळ पडलाय आणि हे भांडं सुनेच्या हातात किती वर्षं टिकेल. जुन्या हुबळीत त्याचं भांड्यांचं दुकान आहे आणि बेचाळीस वर्षं त्यानं हेच केलं. एकदा बोलता बोलता माझ्या पाठीवर त्यानं पेर वाजवलं नि म्हणाला, "कंडक्टर, पत्रा चांगला आहे तुमचा." त्या दिवसापासून मी डॉक्टरकडं जायचं कमी केलं.

मी म्हणजे गणपत. हुबळी-धारवाड बसवर कंडक्टर होतो, आता नातवंडांना तिकीट न देता बसवून घेतो. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. गोष्ट सांगायला लागलो की मी मधल्या थांब्यांवर फार वेळ उभा राहतो, अशी घरात तक्रार आहे. या गोष्टीत एकच थांबा घेतो, तो इथंच.

अप्पाजीच्या दुकानाची दुसरी रीत अशी, की विकलेलं भांडं नाव घातल्याशिवाय पायरी उतरत नाही. पूर्वी तो छिन्नी-हातोडीनं ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायचा, आता विजेवरची सुई आहे, घर्र करून दोन मिनिटांत होतं. कुणी म्हणालं, "नाव नको हो, घाई आहे," तर अप्पाजी म्हणणार, "बिननावाचं भांडं शेजारच्या घरात गेलं की आपलं कशावरून?" आणि लिहिणार. दुकानात मराठीत नि कन्नडमध्ये पाटी आहे: नाव घातलेलं भांडं परत घेतलं जाणार नाही. या पाटीमागं एक प्रकरण आहे. एका मुलाच्या बापानं साखरपुड्याच्या आधीच घाई करून होणाऱ्या सुनेचं नाव एकवीस भांड्यांवर घालून घेतलं. लग्न मोडलं. माणूस एकवीस भांडी घेऊन दारात. अप्पाजी म्हणाला, "मी पुसू शकत नाही नि दुसऱ्याला विकू शकत नाही. आता तुम्ही त्याच नावाची मुलगी शोधा." त्या माणसानं शोधली. नवलगुंदकडची. अजून नांदतात, भांडीही तीच आहेत.

झाला थांबा. चला पुढं.

अप्पाजीला एक थोरली बहीण, चंद्रभागा. आम्ही सगळे अक्का म्हणतो. वय एकोणऐंशी. धारवाडात प्राथमिक शाळेत शिकवत होती, तेव्हापासून धारवाडला लागूनच्या केलगेरीत, तळ्याजवळच्या त्याच दोन खोल्यांत राहते, आता एकटी. अप्पाजीला अक्षरं तिनंच गिरवून घेतली, म्हणून जुन्या हुबळीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत जी नावं आहेत ती अक्काच्या वळणाची आहेत. 'च'चं पोट गोल, 'ळ'च्या दोन्ही गाठी सारख्या. दुकानात बसायला लागल्यावर अप्पाजीनं पहिलं जे भांडं स्वतः कोरलं, ते तिच्यासाठी घेतलेलं पितळी कॉफी फिल्टर. त्यावर लिहिलं: चंद्रभागा, केलगेरी.

या फिल्टरवर अक्का चाळीस वर्षं कॉफी करत होती. पहाटे साडेचारला उठायचं, पाणी उकळून पूड घातलेल्या वरच्या भांड्यात ओतायचं, डिकॉक्शन, म्हणजे काळा अर्क, खाली उतरेपर्यंत अंगण झाडायचं. पाच वाजता कॉफी, आणि तीही बाय-टू. अर्धी आपल्याला, अर्धी शेजारच्या हेमावतीला, जी दुधाचं पातेलं पदराखाली धरून यायची. आता हुबळीच्या हॉटेलात दोघं बसले की एक कॉफी मागवून दोन पेल्यांत घेतात हे तुम्हाला माहीत आहे. पण घरात, आपल्याच कॉफीचं बाय-टू करणारी बाई मी एवढीच पाहिली. मी एकदा विचारलं, "अक्का, दोन पूर्ण करायला काय होतं?" तर म्हणाली, "पूर्ण पेला प्याल्यावर माणूस उठून जातं. अर्ध्यावर थोडं बसतं."

दोन वर्षांपासून तिचा उजवा हात कापायला लागला. गेल्या मार्गशीर्षात उकळतं पाणी फिल्टरात ओतताना अर्धं पायावर गेलं. डाव्या पायाची तीन बोटं भाजली. ती कुणाला काही बोलली नाही, पण पुण्याहून मुलाचा, संदीपचा, व्हिडिओवर फोन आला आणि हेमावतीनं मधेच मोबाईल खाली पायाकडं वळवला. मुद्दाम वळवला की चुकून, हे हेमावती अजून सांगत नाही.

संदीप म्हणाला, "आई, येत्या रविवारी येतोय. गाडी घेऊन. तुला नेतो."

अक्का म्हणाली, "ने की. चार दिवस राहते."

"चार दिवस नाही. कायमचं. त्या घरात गॅस आहे तोवर तुला एकटीला ठेवणार नाही मी."

मी आणि अप्पाजी तेव्हा तिथंच होतो. त्यानं मोबाईल हातात घेतला. "संदीप, गॅसच काढून टाकला तर?"

"मग ती खाणार काय मामा?"

"जेवण हेमावतीकडून येतंय. दोन्ही वेळचा डबा तिनं वर्षापासून लावून दिलाय. दूधही तीच तापवून आणून ठेवते."

"आणि पहाटेची कॉफी?"

पहाटे साडेचारला हेमावतीला गॅस पेटवून कॉफी करून आणून दे म्हणणं शक्य नव्हतं. तिच्या घरात सासरे, नवरा, दोन कॉलेजवाल्या पोरी. ती पाचला येऊन अर्धी कॉफी पिऊन जायची तेवढीच तिची सवड.

संदीप म्हणाला, "तिनं माझ्यासमोर, कुणाची मदत न घेता, गॅसशिवाय आपली कॉफी करून दाखवली तर मी एकटा परत जातो. पण एक थेंब जरी सांडला तरी सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," अक्काच म्हणाली. फोन ठेवल्यावर आमच्याकडं बघून म्हणाली, "तिथं मी पाहुणी आहे रे. सून चांगली आहे, वाईट म्हणणार नाही. पण पाहुणीनं पहाटे साडेचारला भांडी वाजवायची नसतात."

बोलणं एवढंच झालं, पण रविवारी काय पणाला लागलंय हे आम्हा सगळ्यांनाच कळलं. तो दिवस मंगळवार होता.

बटण दाबलं की कॉफी येणारं मशीन असतं हे अप्पाजीला त्याच्या नातवाच्या लग्नाच्या आहेरात कळलं होतं. कुणीतरी आणलं होतं, आणि अप्पाजीनं ते बांगड्यांचं खोकं समजून देवघरात ठेवलं होतं. बुधवारी सकाळी तो माझ्याकडं आला. "कंडक्टर, चला. देशपांडे नगरात मशीन बघायला जायचं."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"कळायचं काही नाही. तुम्ही यायचं."

मला वाटलं, सोबत पाहिजे असेल. दुकानात शिरल्यावर कारण कळलं. पण तेही सांगतो क्रमानं.

दुकान थंडगार, काचेचं. सावनी नावाची मुलगी पुढं आली. धारवाडची, मराठी कन्नड दोन्ही एका श्वासात बोलणारी. "या अज्जा, काय दाखवू?"

"एका माणसाला एक कप होईल असं. विजेवरचं."

तिनं तीन मशिनं टेबलावर मांडली. पहिलं लाल, समोर लहानशी कळ. दुसरं गोल, वर फिरवून बसवायचं झाकण. तिसरं काळं, बेडकागत बसकं, पण वर कोपरभर लांब दांडा आणि पाठीवर स्टीलचा पत्रा. सावनी म्हणाली, मागच्या टाकीत पाणी भरायचं, ही अॅल्युमिनियमची डबी आत टाकायची, बंद करायचं, बटण दाबायचं. आत कॉफीची पूड मोजून भरलेली असते. पंचवीस सेकंदांत गरम होतं, मग एका डबीची एक कॉफी. वापरलेली डबी आपोआप आतल्या खणात पडते. नंतर तिनं किती बार दाब, कसला पंप, असं सांगितलं. अप्पाजीनं ते ऐकून घेतलं नि पेर वाकवलं.

टक्. टक्. टक्.

"काय करायलात अज्जा?"

"बोलतंय का बघतोय." लाल मशिनावर वाजवून म्हणाला, "हे पोकळ आहे." गोल मशिनावर वाजवून म्हणाला, "याचं बूड हलकं, दांडगाईनं झाकण फिरवलं तर अख्खं फिरेल." काळ्याच्या पाठीवर वाजवलं आणि पुन्हा वाजवलं. "हा पत्रा बरा आहे. स्टील आहे."

"ती कप गरम ठेवायची जागा आहे."

"असू दे. पाणी भरा तिन्हीत. काठोकाठ. आणि खाली वर्तमानपत्र घाला."

"कशाला ओ?"

"दहा मिनिटं बघायचं. कागद ओला होतो काय ते."

सावनीनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. बेचाळीस वर्षं प्रत्येक घागर त्यानं अशीच विकली होती. तिनं कुठून तरी तीन कन्नड पेपर आणले. दहा मिनिटं आम्ही कोरड्या कागदांकडं बघत बसलो. दुसरं गिऱ्हाईक आलं, तेही बघायला थांबलं. कागद कोरडेच राहिले.

"आता," अप्पाजी माझ्याकडं वळून म्हणाला, "कंडक्टर, उठा. कॉफी करा."

आता सांगायचं म्हणजे, माझाही हात कापतो. बसमध्ये तीस वर्षं उभं राहून तिकिटं फाडली, त्याचं म्हणा की वयाचं. मी हे फार कुणाला दाखवत नाही. पेला दोन्ही हातांनी धरतो, लोकांना वाटतं थंडी आहे. अप्पाजीनं हे कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. त्यानं मला सोबतीला नव्हतं आणलं. अक्काच्या हाताच्या जागी माझा हात आणला होता.

"हे तुम्ही घरी सांगितलं असतंत तरी आलो असतो," मी म्हटलं.

"घरी सांगितलं असतं तर हात घट्ट धरून आला असतात. मला कापणारा पाहिजे."

मी केली कॉफी. लाल मशिनात डबी टाकायची फट बारीक, माझ्या हातून ती दोनदा खाली गडगडली. तिसऱ्यांदा सावनीनं उचलून दिली तर अप्पाजी म्हणाला, "तुम्ही हात लावायचा नाही. पहाटे तुम्ही असणार नाही तिथं." गोल मशिनाचं झाकण दाबून फिरवायला मनगट लागत होतं, ते माझ्याकडं नव्हतं. काळ्याचा दांडा मात्र लांब होता. पंजानं धरून वर केला, तोंड वासलं, डबी कशीही सोडली तरी घरंगळत जागेवर गेली. दांडा खाली दाबायला बोटं लागत नव्हती, हाताचं वजन पुरत होतं. बटण दाबलं. घुर्र झालं आणि काळी कॉफी खाली आली, पेल्याच्या बुडाशी जेमतेम.

"हे द्या," अप्पाजी म्हणाला.

सोबत डब्यांचं एक पाकीट आणि दूध तापवायचा विजेचा जग घेतला, चपट्या बैठकीवर बसणारा, आपोआप बंद होणारा. सावनीनं पुस्तिका दिली आणि नीट बजावलं, "अज्जा, घरी आवडलं नाही तर दहा दिवसांत परत आणा. फक्त ओरखडा नको, खोकं जपून ठेवा." अप्पाजीनं मान डोलावली. ती मान मी पाहिली. खरी होती.

गुरुवारी दुपारी मी त्याला घ्यायला दुकानात गेलो. मशीन खोक्यातून बाहेर होतं, विजेची सुई त्याच्या हातात होती आणि पाठीवरच्या स्टीलवर शेवटच्या 'री'ची वेलांटी चालली होती. चंद्रभागा, केलगेरी. त्याखाली तारीख.

"अप्पाजी, परत द्यायची वेळ आली तर?"

"आधी वाजवून घेतलंय मी," तो म्हणाला, "परत कशाला जाईल?" नि फुंकर मारून चुरा उडवला.

केलगेरीला अक्कानं मशीन भोवती फिरून पाहिलं. नाव वाचलं. अप्पाजीनं कॉफी करून दिली. तिनं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"ही कॉफी की काढा?"

"दूध घाल की."

"दूध घातलं तर दूधच राहतंय. दोन घोट तर आहे. आणि हेमावती आली तर तिला काय, डबीचं झाकण द्यायचं?"

"दुसरी डबी टाकायची तिला."

"म्हणजे तिची वेगळी, माझी वेगळी." तिनं पेला पुढं सारला. "बेडा, नको रे अप्प्या. परत देऊन ये. माझं मी बघते."

काय बघणार हे आम्ही विचारलं नाही. खुंटीवर तिची प्रवासाची बॅग टांगलेली होती, ती गेल्या वेळेपर्यंत माळ्यावर असायची.

शुक्रवारी आम्ही देशपांडे नगरात. सावनीनं खोकं उघडलं, मशीन बाहेर काढलं, पुसायला म्हणून त्याची पाठ आपल्याकडं वळवली आणि थांबली.

"अज्जा, हे कुणी केलं?"

"मी."

"का?"

"विकत घेतलं होतं की. मग नाव नको?"

"अहो, मी हे आता कुणाला देऊ? चंद्रभागा नावाचं गिऱ्हाईक शोधू काय? तेही केलगेरीचं?"

मी तोंड दुसरीकडं फिरवलं. ओव्हन बघत राहिलो. ओव्हनच्या काचेत अप्पाजी दिसत होता. इतकी वर्षं ती पाटी त्याच्याच डोक्यावर लटकत होती. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. मीसुद्धा घेतलं नसतं." आणि खोकं उचललं. बाहेर आल्यावर म्हणाला, "पोरगी धंद्याची आहे." तो रागावलेला नव्हता. मला वाटतं, कुणीतरी आपली पाटी पाळली याचं त्याला थोडं बरंच वाटलं असावं. पण रविवार दोन दिवसांवर होता आणि ते बरं वाटणं फाट्यापर्यंतही टिकलं नाही.

तिथूनच त्यानं अक्काला फोन केला. "घेत नाहीत."

"का?"

"नाव आहे."

मग अक्का म्हणाली, "नाव माझं आहे ना? मग आण इकडं. खोकं नको, ते फेकून दे. पुस्तक तेवढं आण."

ते आम्ही त्याच दुपारी नेऊन दिलं. शनिवारी सकाळी पुन्हा पोचलो तेव्हा पुस्तिका टेबलावर उघडी होती आणि अक्कानं लाल पेन्सिलीनं तिच्यात खुणा केल्या होत्या. पुस्तकावर लाल पेन्सिल फिरवल्याशिवाय तिला वाचल्यासारखं वाटत नाही. तिच्यापुढं सहा वापरलेल्या डब्या ओळीनं मांडलेल्या. शुक्रवारी संध्याकाळपासून बाई कामाला लागली होती.

"बसा," ती म्हणाली, आणि आम्ही बाकावर बसलो. दोघांची वयं मिळून दीडशे, पण बसलो तसेच. "यात लिहिलंय, एक डबी एकदा. बरं. आपल्या फिल्टरला पहिलं पाणी घातल्यावर आपण पूड टाकून देतो काय?"

"नाही," अप्पाजी म्हणाला.

"दुसरं पाणी घालतो. पहिलं कडक, दुसरं पातळ, दोन्ही मिळून कॉफी. मुलांना एकदा सांगून कळत नाही, दोनदा सांगावं लागतं. पुडीचं पण तसंच." मशीनचं लहान बटण दाबलं, कॉफी आली. मग दांडा न उचलता मोठं बटण दाबलं. पुन्हा आली, रंगानं फिकी, जास्त. "दांडा उचलला की डबी खणात पडते. उचलायचाच नाही. काल रात्री जेवायच्या आधी हे कळायला चार डब्या गेल्या."

अप्पाजीनं चव घेतली. "आपली चव नाही."

"नाही. पण ओळखीची आहे."

मला दोन्ही चवी सारख्याच लागल्या, हे मी तेव्हा बोललो नाही.

पुढची अडचण दुधाची होती. जगातलं कढत दूध कापत्या हातानं ओतायचं म्हणजे पुन्हा पाय भाजायचा, आणि संदीप नेमकं तेच बघणार. यावर तिघं तासभर बसलो. अप्पाजीनं जग वाजवून पाहिला. मी जग उचलून ओतून दाखवला, टेबलभर दूध झालं. शेवटी अक्का म्हणाली, "आपण क्रम चुकवतोय. गरम झाल्यावर का उचलायचं? गार असतानाच सगळं एकत्र करू."

म्हणजे असं: गार दूध जगात घालायचं. जग मशीनच्या तोंडाखाली सारायचा. दोनदा बटण. दुधात कॉफी पडली की ते कोमट होतं, सांडलं तरी कुणी मरत नाही. मग जग सरकवत नेऊन बैठकीवर ठेवायचा नि तापवायचं बटण दाबायचं. तापल्यावर त्याला हात लावायचा नाही.

"हात लावायचा नाही तर प्यायचं कसं?" मी विचारलं.

अप्पाजी उठला. बाहेर गेला आणि केलगेरीहून बस पकडून थेट जुन्या हुबळीला गेला. आम्ही दोघं बसून राहिलो. अक्का म्हणाली, "याचं लहानपणापासून असंच. सांगून जाणार नाही." साडेतीन वाजता परत आला तो हातात ओगराळं घेऊन. आमटी वाढायचं असतं तसं, पण लहान, उभ्या पोटाचं, आणि दांडा वीतभर जास्त लांब. कुठल्या तरी जुन्या ओगराळ्याचा दांडा तोडून यावर जोडला होता. दांड्यावर नाव घातलेलं होतंच.

"एक बुडवलं की अर्धा पेला," तो म्हणाला. "मोजून आणलंय. दोन बुडवली की दोघी."

अक्कानं बुडवून पाहिलं. हात कापला, पण ओगराळ्याचं पोट खोल होतं, काठ आत वळलेला. जगाच्या तोंडातून पेल्यापर्यंत आठ बोटांचं अंतर. एक थेंब काठावर आला आणि आत परत गेला. अप्पाजीनं काठ मुद्दाम आत वळवून आणला होता, हे त्यानं सांगितलं नाही, मी बोट फिरवून पाहिलं.

रविवारी संदीप सकाळी नऊला आला. रात्री बेळगावला नातेवाइकांकडं थांबून आला होता. दारात चपला काढल्या, आईच्या पायाकडं बघितलं, खुंटीवरची बॅग बघितली आणि म्हणाला, "भरलीस?"

"आधी कॉफी," अक्का म्हणाली.

हेमावती आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं पातेलं आणलं नव्हतं, पदर मात्र सवयीनं तसाच धरला होता. अप्पाजी दारातच बसला, आत यायला तयार नाही. मी स्टुलावर. संदीप स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हात बांधून उभा.

अक्कानं गार दूध घातलं. डबी सोडली, पहिल्यांदा ती कडेला अडली. संदीपनं हात उचलला. "मधे यायचं नाही," मी म्हटलं, अप्पाजीच्या वतीनं. तिनं बोटानं ढकलली, आत गेली. दांडा दाबला. लहान बटण. मोठं बटण. जग सरकवला, बैठकीवर ठेवला, तापवायचं बटण. तो वेळ फार लांब होता. जग खुटकन बंद झाला. तिनं ओगराळं बुडवलं, एक पेला, बुडवलं, दुसरा. मग एक पेला हेमावतीपुढं टेबलावर सरकवला आणि दुसरा संदीपपुढं. स्वतःला घेतला नाही.

संदीप खाली वाकून टेबल बघत होता. अप्पाजीनं त्यावर आधीच वर्तमानपत्र अंथरलं होतं. कोरडं होतं.

त्यानं घोट घेतला. "आई, ही तुझी कॉफी नव्हे."

"नव्हे," अक्का म्हणाली. "पण मी केली."

त्यानं पेला हातात धरूनच मशीनवर वाकून पाठीवरचं नाव वाचलं. मामाकडं बघितलं. मामा अंगणात कुठल्या तरी मुंग्या बघत होता.

"मामा, हे परत देता आलं असतं म्हणे दहा दिवसांत."

"आलं असतं," अप्पाजी म्हणाला.

"मग?"

"मग काय? नाव घातलं."

संदीपनं पेला संपवला. नंतर गॅसचा कॉक बंद केला, नळी काढली, शेगडी गाडीत नेऊन ठेवली. सिलिंडर हेमावतीच्या नवऱ्यानं एजन्सीत परत करायचं ठरलं. अक्कानं फळीवरून पितळी फिल्टर उतरवलं, चिंचेनं घासून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या हातात दिलं. "हे ने. इथं उकळतं पाणी आता नाही. तुझ्या बायकोला सांग, दुसरं पाणी टाकून द्यायचं नाही, प्यायचं."

"मामा, यावर आमचं नाव घालून देता?" संदीपनं विचारलं. थट्टेनं विचारलं की खरंच, मला कळलं नाही.

अप्पाजीनं फिल्टर घेतलं, पोटावर, काठाखाली, बुडावर पेर वाजवलं, ऐकलं. "एकावर दोन नावं घालत नाही मी," म्हणाला नि परत दिलं.

गाडी तळ्याच्या रस्त्याला लागली. अक्का आत गेली, बॅग खुंटीवरून काढून अप्पाजीच्या हातात दिली, माळ्यावर ठेवायला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "गणपतराव, जगात अजून ओगराळंभर कॉफी आहे. बाय-टू करू?"

माझा हात कापत होता, तिचाही. ओगराळं तिनंच बुडवलं.